कुलूप नसलेला कॉम्प्युटर

असले कॉम्प्युटर विकत घेतं तरी कोण? आमचे भाऊजी घेतात. प्रोसेसर जगावेगळा, त्यावर दुकानातला एकही तयार प्रोग्रॅम चालत नाही, आणि किंमत ऐकली की माणूस मटकन खाली बसतो. पण बोर्डाचे सगळे नकाशे कोणालाही बघायला मोकळे. "माझ्या घरात माझ्यापासून लपवलेलं काही नको," असं भाऊजी म्हणायचे. तत्त्वाचा माणूस. तत्त्वाच्या माणसाशी लग्न करू नकोस, हे मी ताईला तेव्हाच सांगितलं होतं.

ताईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आवाज जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग तीन आठवडे ताई माइकसमोर बसून वाक्यं वाचत राहिली. त्यातून एका कंपनीने तिचा आवाज तयार करून दिला. ती टाइप करायची आणि जुना कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलायचा, वेळ पडली तर खेकसायचासुद्धा.

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी भाऊजींनी आवाजाची फाइल त्यावर उतरवली. अक्षरन् अक्षर जुळतं का, हे दोनदा तपासलं. उघडते का, हे नाही. मग जुन्या बोर्डावरची सुरक्षेची चिप, जिच्या नावाने ते वर्षानुवर्षं बोटं मोडायचे, ती पकडीने उपटली आणि हातोडीने ठेचली. फाइलीला कुलूप होतं आणि किल्ली त्या चिपमध्येच होती. मूळ रेकॉर्डिंग कंपनीकडे, आणि कंपनी केव्हाच बुडालेली.

याला पाच महिने झाले. भाऊजी ते कुलूप तोडायला बसलेत. नोकरी सोडली, पोट खपाटीला गेलं. जमणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

काल दुपारी गेले तर ताईने पाटीवर लिहिलं, "सकाळपासून उपाशी आहेत. तू हाक मार."

आम्हा बहिणींचे आवाज इतके सारखे, की फोनवर आईचाही गोंधळ व्हायचा. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. मी दारातून म्हटलं, "चला, जेवण गार होतंय."

"आलो," म्हणत भाऊजी ताडकन उठले आणि हसत वळले. समोर मी. मग खुर्चीची पाठ धरून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

ताई कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी निघाले तेव्हा तिने पाटी माझ्यासमोर धरली.

"थोडे दिवस येऊ नकोस."