बिनआवाजाची गाडी

आमच्या दाजींना हळू बोलता येतच न्हाई. अण्णाराव त्यांचं नाव, माझ्या थोरल्या बहिणीचे, सिंधुआक्काचे मालक. सारा जन्म मुदखेड-नांदेड काळीपिवळी जीप चालवली. इंजिनाच्या वरून ओरडून शिटा बोलवायच्या, इंजिनाच्या वरून ओरडूनच भांडायचं. गाडी चालू झाली की यांचा गळा आपोआप सुटायचा.

आक्काच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस. जाताना कशीबशी जायची, पण येताना ऑटोचा धूर नाकात गेला की ओकून ओकून अर्धी व्हायची. जीप तर तिच्या दवाखान्यापायीच विकलेली. एक दिवस म्हणाली, "बास. मला न्हाई जायाचं आता." आक्का लहानपणापासून हट्टी, तिच्यापुढं कुणाचं चाललंय?

"बिनधुराची गाडी आणतो. मग तर येशील?" दाजींनी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. त्या एका 'बघू'वर हा माणूस जुन्या इलेक्ट्रिक गाड्या शोधत फिरत राहिला. नवी घ्यायची ऐपत न्हाई आणि जुनीची खात्री न्हाई. घरच्या लाईटवर चार्ज होईल का, मुदखेडात बिघडली तर कोण बघंल, रोज नवा घोर. मी म्हणायचो, दाजी, एकदाचं हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, डोकं खाऊ नका.

शेवटी विष्णुपुरीला आलोकसर म्हणून एका प्राध्यापकांची गाडी निघाली. ते लातूरला क्लासमध्ये शिकवायला चालले होते आणि गाडी एका चार्जिंगमध्ये लातूर गाठत नव्हती. "नांदेडहून मुदखेड मात्र जाऊन येऊन आरामात," ते म्हणाले. माणूस सरळ वाटला. डायलिसिस उरकून आम्ही आक्काला घेऊनच गेलो. तिला सोसते का, तेच तर बघायचं होतं.

दाजींनी सवयीनं बॉनेटला कान लावला. काय ऐकू येणार, कप्पाळ! आक्का मागं बसली, काच खाली केली. सरांनी धरणापर्यंत एक चक्कर मारून आणली. आक्काला ओकारी आली न्हाई. उलट मला म्हणाली, "दया, लई दिवसांनी वारं लागलं रे तोंडाला." मी तर मनातल्या मनात गाडी घेऊनच टाकली.

सर उतरले. "गाडी चालूच आहे काका, बसून बघा."

"बॅटरी किती दिवस चालंल?" दाजींनी विचारलं.

"दोन वर्षं नक्की. पुढचा शब्द देत नाही. आणि बॅटरी गेली की गाडी गेल्यातच जमा."

मी मधी पडलो. म्हणलं, दाजी, दोनच वर्षं, विचार करा. पण गाडी चालू हाय एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांनी मला बाजूला ओढलं आणि त्यांच्या हिशेबानं कुजबुजले, "आरं, दोन वर्षं लई झाली! डॉक्टरानं हिचं वर्षभराचंच सांगितलंय!"

गाडीला आवाजच न्हाई. सरांनी ऐकलं, त्यांच्या दारातल्या शेजारणीनं ऐकलं. आक्का तर दोन हातांवर, गाडीतच बसलेली.

ती दाराला धरून सावकाश उतरली. "चला," एवढंच म्हणाली. दाजी वाटभर विनवत होते, माझं तसं म्हणणं नव्हतं, माझ्या जिभेला हाड न्हाई. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. घरी आल्यावर ती बोलली, "खोटं कुठं बोललात? पण माझ्या मापाची गाडी नको मला."

पुढच्या डायलिसिसला ती उठलीच न्हाई. दाजी तिच्या पाया पडले. नवरा बायकोच्या पाया पडताना मी पहिल्यांदा बघितला. तिनं पाय जवळ ओढून घेतले आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

तेवढ्यात सरांचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय, काय करू म्हणून विचारत होते.

दाजींनी आक्काच्या पाठीकडं बघितलं. "देऊन टाका सर," ते म्हणाले. "आमच्या घरात गाडीत बसणारं कुणी न्हाई."