अडकित्त्यात धरलेला गणपती

सात वर्षांनी वर्गात उभी राहणार होते, तेही नमुना पाठासाठी. सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेची एक जागा रिकामी होती. विषय त्यांनीच दिला होता: साधी यंत्रे, घरातल्या वस्तू वापरून, वीस मिनिटांत. सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण बोलावणार होतं?

आष्ट्याहून निघालेल्या एसटीत मी यादी तीनदा तपासली. पाट. लाटणी दोन. अडकित्ता. सुपाऱ्या दोन. सगळ्यांपुढे खूण होती.

वर्गात आधी लाटण्यांवर पाट ठेवला, पाटावर शाळेतली भरलेली बादली, आणि ती एका हाताने सरकवून दाखवली. मुलं खूश. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका काहीतरी लिहीत होत्या.

मग अडकित्ता. त्याच्या खिळ्यापासून सुपारी लांब धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सारली की फुटते. घरी दहा वेळा करून पाहिलं होतं. लांब धरली, फुटली नाही. जवळ सारली. तरी नाही. पुन्हा दाबली.

पहिल्या बाकावरची मुलगी मान पुढे काढून म्हणाली, "बाई, ही पूजेची हाय. लय कडक असती."

वर्ग हसला. सकाळच्या घाईत मी पानाच्या डब्याऐवजी देवघरातली डबी उघडली होती. सासूबाईंनी सत्यनारायणाला गणपती म्हणून मांडलेली सुपारी अडकित्त्यात होती. यादीत नुसतंच 'सुपाऱ्या दोन'.

मुख्याध्यापिकांनी घड्याळ बघितलं.

"आन् तुमी मधीच कशाला धरलाय?" मुलगी थांबेना. "आमचा आज्जा टोकाला धरतो."

खरंच, भीतीने माझ्या मुठी पात्याजवळ आवळल्या होत्या. "टोकाला का गं?" मी विचारलं.

"जोर कमी लागतो की!"

मुठी दांड्यांच्या टोकाला नेल्या आणि दाबलं. कट्. अर्धं खांड उडून थेट मागच्या बाकाखाली गेलं.

मुख्याध्यापिकांनी ते उचललं, "पूजेची ना?" म्हणत कपाळाला लावलं आणि मला परत दिलं. "सोमवारपासून या. येताना खायची सुपारी आणा."

परतीच्या एसटीत मी कागद उलटा केला आणि लिहिलं: सासूबाईंना सांगणे. एक, सुपारी. दोन, नोकरी.

थोड्या वेळाने क्रम बदलला. आष्टा येईपर्यंत पुन्हा एकदा.