कोंडाबाईचा हात आणि लुंबिनीचा फळा

हदगावच्या बाजारात कोंडाबाई समोरून आली की माणसं मान जराशी खाली घालतात. आदरानं घालतात, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. तसं नाही, हे तिला सांगायला कोण जाणार? ज्याला आपले दात जड झालेत, त्यानं जावं.

बाई पासष्टीची, वजन पंचेचाळीस किलोच्या वर नसेल. पण हात लोखंडाचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं, म्हणजे रामकिशननं, पिऊन तिच्यावर हात उचलला. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड बसवणाऱ्याला रामकिशननं सांगितलं, बैलगाडीवरून पडलो. घरात बैल नव्हता, गाडी नव्हती. पण हाड बसवणाराही समजूतदार होता, त्यानं काही विचारलं नाही. पुढची तेहतीस वर्षं रामकिशन अगदी गोगलगायीसारखा नांदला आणि तापानं वारला. तापानंच वारला. त्याची चौकशी गल्लीतल्या बायकांनी तेव्हाच करून घेतली आहे.

मग ती मजुरीला जायची त्या जिनिंगचा मुकादम. कापसाच्या ढिगाआड त्यानं कोंडाबाईचं मनगट धरलं. तिनं त्याचा कान धरला आणि तोंड नेऊन वजनकाट्याच्या लोखंडावर आपटलं, एकदा नाही, मोजून तीनदा. टाके खरं म्हणजे चार पडले. बाजारात त्याचे सात झाले आणि माहूरच्या यात्रेपर्यंत बातमी पोचली तेव्हा अकरा. काम गेलं ते गेलंच. तेव्हापासून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिथला दोन हात लांब लोखंडी डाव, ज्यानं पातेलं ढवळायचं, तो तिच्या हातात शोभूनही दिसतो. तांदळाचं पोतं मागच्या दारानं निघालं होतं म्हणतात, तेव्हा नेणाऱ्याच्या पाठीवर त्या डावाचा ठसा उमटला. पोतं परत आलं. पोरांच्या खिचडीत कधी कमी पडलं नाही, एवढं मात्र तिच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल.

आता ही बाई फक्त एका जीवापुढं मऊ पडायची. लुंबिनी, तिच्या आनंदराजची पोरगी, आठ वर्षांची. आईबाप पुण्याकडं कंपनीच्या कामावर, पोरगी आज्जीजवळ. जन्मताना नाळ गळ्याला अडकली होती. बोलता येत नाही, चालता येत नाही, हात आपल्या मर्जीनं उडतात, मान डगमगते. पण डोळे बघा. गल्लीत कोण कुणाच्या घरी किती वेळ बसलं, याचा हिशेब त्या डोळ्यांत असतो. बोलता आलं असतं तर आमच्यासारख्यांचा धंदा बसला असता.

दवाखान्यात सांगितलं होतं, पोरगी वाळून चालली, पोटात अन्न जाऊ द्या. कोंडाबाईनं ते मनावर घेतलं. दोन्ही वेळेला ती दारात मांडी घालून बसायची, लुंबिनीला मांडीत घ्यायची, उडणारे हात डाव्या हातानं आवरायची, उजव्या अंगठ्यानं जबडा उघडायची आणि घास आत. पोरगी रडायची, ठसकायची. ताट मात्र रिकामं व्हायचं. जाणारेयेणारे म्हणायचे, काय माया आहे म्हातारीची.

शाळेत शिल्पा मॅडम यायला लागल्या, त्या अशा पोरांसाठीच्या फिरत्या शिक्षिका. आज हदगाव, उद्या दुसरं गाव, स्कूटीला दोन पिशव्या. त्यांनी लुंबिनीसाठी एक फळा आणला. फळा म्हणजे जाड पुठ्ठा, वर प्लास्टिक, त्यावर चौकोनात चित्रं: पाणी, भूक, शी-शू, झोप, आई, बाहेर जायचं. मांडीवर ठेवायचा, पोरगी मुठीनं चित्र दाखवील, तेच तिचं बोलणं. कोंडाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घरी गेली.

पंधरा दिवसांनी मॅडम घरी गेल्या. फळा कुठं? भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, पुरुषभर उंचीवर नव्या खिळ्याला टांगलेला. वर झेंडूचं फूल. पोरगी खाली चटईवर.

मॅडमनी डोकंच धरलं. कोंडाबाईला त्यात चूक काय ते कळेना. ज्या घरात अक्षराच्या कागदाला पाय लागला तर पोराला मुस्काटात बसते, तिथं पोरीची अख्खी वाचा जमिनीवर कशी ठेवायची? म्हणाली, "पाय लागतील, मॅडम. तिची लक्ष्मी म्हणा, सरस्वती म्हणा, आमी न्हाई मानत, पर काय हाय ते हेच हाय न्हवं?"

मॅडमनी खुर्चीवर चढून फळा काढला आणि लुंबिनीच्या मांडीवर ठेवला. बाहेर उभ्या बायकांना वाटलं, आता बसते मॅडमच्या पाठीत. नाही बसली. लुंबिनीची मूठ हवेत दोनचार गिरक्या घेऊन पाण्याच्या चित्रावर पडली. कोंडाबाईनं तिला लागोपाठ चार पेले पाणी पाजलं आणि दारात येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं, पोरगी बोलली. पोरीला नंतर काय झालं ते ओळखा. त्याचंही चित्र फळ्यावर होतं, नशीब.

याच महिन्यात आंघोळ घालताना कोंडाबाईला लुंबिनीच्या मनगटांवर आणि दंडावर निळे वळ दिसले. चार बोटं, एक अंगठा. जबड्याखालीही एक.

तिनं फळा पुढं ठेवला. कोणी मारलं? लुंबिनीची मूठ भुकेवर पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा भूक. मग शी-शू, झोप, आई, परत भूक, आणि पोरगी रडायला लागली. फळ्यावर मारणाऱ्याचं चित्र नव्हतं. माराचंच नव्हतं. बनवणाऱ्यांनी पोरगी काय मागेल याचा विचार केला होता, ती काय सांगेल याचा नाही.

कोंडाबाईनं स्वतःच उत्तर काढलं. पोरीला दंडाला धरून उचलतं कोण? संगप्पा. हा उदगीरकडचा लिंगायत, सासरवाडीत येऊन राहिलेला, ऑटो चालवतो. लुंबिनीला रोज शाळेत नेणं-आणणं त्याच्याकडं. वाटेत कानडी गाणी म्हणतो, तीही भसाड्या आवाजात. एवढ्यावर माणूस दोषी ठरवायला हदगावात वेळ लागत नाही. दोघीतिघींनी तर त्याची नजरच बरी नाही म्हणून आधीच हेरलं होतं, त्यातल्या एकीला त्यानं फुकट ऑटोत घेतलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दहाला, बसस्टँडसमोर, भर गर्दीत पहिला डाव संगप्पाच्या खांद्यात बसला. तो वळला तेव्हा दुसरा कोपरावर. हाड वाजल्याचं रसवंतीपर्यंत ऐकू गेलं. संगप्पा चांगला धिप्पाड गडी, त्यानं तिला उचलून फेकली असती. पण तिसरा डाव छातीच्या रोखानं आला आणि त्यानं दोन्ही हातांनी गळ्यातलं लिंग झाकलं. त्यामुळं तोंड उघडं पडलं. डाव तोंडावर बसला. पुढचा दात तुटून रस्त्यावर पडला, ओठ फाटला, खाकी शर्ट लाल झाला. तो ऑटोला धडकून खाली बसला तरी ही थांबेना. बरगडीत लाथ, पाठीत डाव, परत डाव. एक चुकला तो समोरच्या काचेवर गेला आणि काच त्याच्या केसांत पडली. वीसेक जणांनी मोबाईल काढले. मध्ये कोणी पडलं नाही.

लुंबिनी ऑटोतच होती, मांडीवर फळा. ती किंचाळत होती आणि मूठ आपटत होती: झोप, पाणी, आई, झोप, बाहेर. थांब म्हणायला चित्र नव्हतं. कोंडाबाईला वाटलं, पोरगी अजून हाण म्हणून राहिली. तिनं अजून हाणलं.

शेवटी संगप्पाच्याच बायकोनं येऊन डाव धरला. पुढं जमादारानं विचारलं तेव्हा संगप्पा सुजलेल्या तोंडानं म्हणाला, ऑटोतून पडलो. बैलगाडीची आठवण ज्यांना यायची त्यांना आलीच. पण पोरीला मी आता नेणार नाही, एवढं मात्र त्यानं सांगून टाकलं.

तर लुंबिनी घरी बसली. आठ दिवस कुठं गेली नाही, कोणी आलं नाही. नवव्या दिवशी शिल्पा मॅडम आल्या, त्यांनी पोरीची बाही वर केली. जुने वळ पिवळे पडले होते. त्यांच्यावर नवे निळे होते. कोंडाबाई तेही संगप्पाचेच धरून चालली होती.

मॅडम हुशार. त्या तिथं काही बोलल्या नाहीत. गेल्या, आणि दोन दिवसांनी फळ्याला जोडायचं नवं पान घेऊन आल्या. त्यावर चित्रं: नको, थांब, दुखतं, मारलं, आवडतं, गाणं. खाली माणसांचे फोटो, चिकटवायचे नि काढायचे: संगप्पा, मॅडम, हेडमास्तर, शेजारीण, आणि आज्जी. कोंडाबाईला त्या म्हणाल्या, आत बसून विचारू. कोंडाबाईनं ऐकलं नाही. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्येच विचारा म्हणाली, दुपारी, सगळ्या बायकांसमोर, म्हणजे संगप्पाचं नाव चारचौघांत येईल. साक्षीदार तिनं स्वतः गोळा केले. हेडमास्तरांनासुद्धा हाताला धरून आणलं, आणि तिनं हाताला धरलं की माणूस येतोच.

मॅडमनी विचारलं, हाताला काय होतं? मूठ गिरकी घेऊन पडली: दुखतं. कोण? मूठ संगप्पाच्या फोटोवरून सरकली. कोंडाबाई पुढं झाली. मूठ तिथं थांबली नाही. पुढं जाऊन आज्जीवर पडली.

हेडमास्तर म्हणाले, हात थरथरतो तिचा, चुकून पडला असेल. मॅडमनी फोटो उपटले, जागा बदलल्या, आज्जीचा फोटो पार वरच्या कोपऱ्यात नेला. परत विचारलं. लुंबिनीची मान मागं गेली, हात दोनदा पुठ्ठ्याबाहेर पडला, घाम फुटला; पण मूठ वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आज्जी. मग कोणी न विचारता: मारलं. मग: भूक. आणि परत आज्जी.

भुकेचा अर्थ त्या वेळी सगळ्यांना कळला. ती पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती. जेवताना.

कोंडाबाई ओरडली, "म्या मारते? आरं, म्या जेवू घालते तिला." तिनं डाव टाकला, फळा हिसकावला आणि आपटायला म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

लुंबिनीनं डोळे मिटले आणि मान खाली घातली.

ती मान कोंडाबाईनं हजारदा पाहिली होती. रामकिशनची, मुकादमाची, बाजारातल्या सगळ्यांची. आठ वर्षांच्या पोरीची पहिल्यांदा पाहिली. म्हणजे रोज दोन वेळा समोर होती, पाहिली त्या दिवशी.

फळा तसाच वर धरून ती किती वेळ उभी होती, यावर बायकांत अजून एकमत नाही. मग तिनं तो पोरीच्या मांडीवर ठेवला. खाली बसली, पोरीची बाही सरकवली आणि आपली बोटं त्या वळांवर एकेक करून, न दाबता, ठेवली. बसली बरोबर. करंगळी जिनिंगमध्ये मोडून वाकडी झालेली, तीही वाकड्या वळावर बसली.

"संगप्पाचं काय गं मग?" तिनं विचारलं. लुंबिनीनं दाखवलं: गाणं. आवडतं.

त्या दुपारी मॅडमनी तिला शिकवलं ते असं. पोरीला सरळ बसवायचं, हात मोकळे सोडायचे, चमचा दिसेल असा समोर धरायचा आणि थांबायचं. फळ्यावर "नको" आलं तर चमचा खाली. पहिल्याच घासाला "नको" आलं. कोंडाबाईचा डावा हात उठला. तो हात तिनं स्वतःच्या मांडीखाली घातला आणि वर बसली. चार घासांना पाऊण तास लागला. खिचडीचा दगड झाला. पाचव्याला पोरीनं तोंड आपण होऊन उघडलं.

संध्याकाळी ती संगप्पाकडं गेली, हातात डाव. संगप्पा ऑटोमागं गेला. ती म्हणाली, दात दाखव. त्यानं लांबूनच दाखवला, म्हणजे नसलेला दाखवला. कोंडाबाईनं डाव ऑटोच्या सीटवर ठेवला. "चूक माझी हाय. तू हाण. म्या हात उचलायची न्हाई."

संगप्पानं डाव उचलला, वजन करून पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, तुमच्यावर उचलला आन् तुमी इसरून हात उचलला तर दुसरा बी दात जायचा. हे राहू द्या माझ्याकडं." तो डाव अजून त्याच्या सीटखाली आहे. चाक बदलताना टेकू म्हणून कामाला येतो. शाळेत आता लाकडी आहे. आणि लुंबिनी ऑटोनं जाते, गाणं ऐकत.

बाकी कोंडाबाई साधी झाली असं कोणी समजू नये. गेल्या पोळ्याला एकाच्या थोबाडीत बसलीच. पण घरात वेगळंच सुरू झालं आहे. लुंबिनीला त्या पानाची चटक लागली. हेडमास्तर दिसले की मूठ: आज्जी, मारलं. भाजीवाली दिसली की आज्जी, मारलं. कधी मारलेलं नसताना, नुसता लाडू मिळाला नाही म्हणून. वर दात काढून हसते. परवा शेजारीण चेष्टेनं म्हणाली, कोंडाबाई, पोरगी तुमची धडधडीत खोटं बोलून राहिली. कोंडाबाईचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिनं चार घरी जाऊन सांगितलं, माझी लुंबिनी खोटं बोलते.

पण शिल्पा मॅडम येतात तेव्हा लुंबिनीनं ते दाखवलं की कोंडाबाई हसत नाही, पोरगी खोडी करते असंही म्हणत नाही. पोरीला विचारते, दाखवू का? मूठ कुठं पडते ते बघते. मग मॅडमसमोर दोन्ही बाह्या हलक्या हातानं वर करते, आधी डावी, मग उजवी, हनुवटी उजेडाकडं वळवते आणि बाजूला होऊन उभी राहते.

"बघा," म्हणते. "नीट बघून घ्या."

आणि मॅडम बघेपर्यंत मान खाली घालून उभी असते.