कुंपणाबाहेरची विष्णुक्रांता

गणेशपूजेच्या एकवीस पत्रींपैकी विष्णुक्रांता मिळणे सर्वांत कठीण. दादरच्या बाजारात त्या नावाखाली हाती येईल ते पान जुडीत बांधून देतात, म्हणून ती मी स्वतःच शोधून आणत असे. तरुणपणी पाठशाळेतल्या आचार्यांनी शिवडीच्या टेकडीवर वाकून ती मला दाखवली होती: खडकालगत जमिनीला बिलगलेली, ज्वारीच्या लाहीएवढे निळे फूल.

पुढे टेकडी गुडघ्यांना झेपेना. त्याच सुमारास लोअर परळला, गिरणीच्या जागी झालेल्या एका कार्यालयाच्या कुंपणाबाहेर, फुटपाथच्या फटीत निळी फुले दिसली. फूल मोठे होते, पान जाड. मी मनाशी म्हटले, इथे पाणी भरपूर मिळत असेल. सहा वर्षे तिथलीच पत्री खुडली. प्रत्येक वेळी आधी हात जोडून त्या वनस्पतीची क्षमा मागितली.

गेल्या श्रावणात कुंपणाआड कात्री चालवणारा माळी म्हणाला, "आजोबा, दरवर्षी येता आणि आमचा माल नेता हां!"

"ही रानातली आहे, बाबा. आपोआप उगवलेली."

"रानातली कसली! मीच आणली नर्सरीतनं. हा बघा, आत सगळा वाफा तिचाच. तिथनं पळाली भायेर." तो हसला. "रानातली एवढी गुबगुबीत असते होय?"

घरी येऊन पूजेची पोथी उघडली. आचार्यांनी त्या दिवशी टेकडीवर दिलेली विष्णुक्रांतेची वाळकी काडी तिच्यात होती. शेजारी नवे पान ठेवून भिंग धरले. काडीवरचे अरुंद, भाल्याच्या टोकासारखे. दुसरे रुंद आणि लवदार. शंकेला जागा नव्हती. तरीही कोणाला तरी विचारावे असे वाटले. पण पाठशाळेतले आता कोणीच उरलेले नाही.

चतुर्थीला पूजा सांगायला मला बोलावणारे एकच घर राहिले आहे, गिरगावातले. बाकीची विरार-डोंबिवलीला गेली. चूक सांगितली तर हेही सुटेल. न सांगावी तर देवापुढे कोणत्या तोंडाने बसावे? काय बोलायचे ते दोन दिवस मी खोलीत मोठ्याने घोकत होतो. एरवी त्या खोलीत मोठ्याने बोलायला निमित्तच नसते.

गेलो तेव्हा यजमानीणबाई नारळ खवत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "एवढंच ना, गुरुजी? मी घाबरलेच. म्हटलं, यंदा येत नाही म्हणताय की काय!"

"सहा वर्षं तुमच्या गणपतीला चुकीचं पान वाहायला लावलं मी."

"अहो, दूर्वा आणि बेल सोडले तर मला एक पान ओळखता येत नाही. सासूबाईंचंही तेच. तुम्ही हातात ठेवाल ते आम्ही वाहत आलो. बसा, चहा टाकते."

घर सुटले नाही. हायसे वाटायला हवे होते. पण वाटले नाही. टेकडीवरचे काय, फुटपाथवरचे काय, इतक्या वर्षांत त्या पानाकडे माझ्याखेरीज कोणी पाहिलेच नव्हते.

चतुर्थीच्या आधी टॅक्सी करून शिवडीच्या टेकडीच्या पायथ्याशी जाऊन आलो. वर चढवले नाही. खाली होती ती घाणेरी आणि सदाफुली, दोन्ही कधीकाळी कोणाच्या तरी बागेतून सुटलेल्या. या वेळी ओळखायला चुकलो नाही.

पूजेत विष्णुक्रांतेचे नाव उच्चारले आणि पानाच्या अभावी बाईंच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. त्यांनी त्या वाहिल्या, आणि पुढच्या पानासाठी हात पसरला.