बाइंडिंगवाल्या चाचांची समीक्षा

जळगावात आमच्या वाचनालयामागे एक बाइंडिंगवाले चाचा बसतात. फाटकी कादंबरी हातात आली की ते पुठ्ठ्याआधी पानांच्या कडा बघतात.

"सर, तुम्ही म्हणता ही नायिकेच्या त्यागाची गोष्ट. तिच्या रडण्याची पानं बघा, कोरी करकरीत! अन् भांडकुदळ आत्या आली की पानोपानी वांग्याच्या भरताच्या तेलाची बोटं. लोकांचा जीव आत्यावर आहे."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. चाचांचं हे निरीक्षण वर्गात माझं म्हणून खपवतो. आत्या मात्र स्वभावानेच दुष्ट, हे मत माझं स्वतःचं, वीस वर्षांचं.

परवा त्याच कादंबरीची माझी प्रत शिवायला दिली. चाचांनी ती चाळली आणि मध्येच थांबून चष्मा कपाळावर चढवला. तिथली आठ पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली.

त्यांनी सुरीने एकेक पान अलगद मोकळं केलं आणि पुस्तक न शिवताच माझ्या हातात दिलं.

"आत्या का भांडते, ते इथंच लिहिलंय, सर. वाचून आणा, मग शिवतो."