बेंगळुरूचा शहाणा

गाझियाबादहून नोएडाच्या बासष्ट सेक्टरला जाणाऱ्या आमच्या ऑफिस कॅबला इतका वेळ लागतो की एका फेरीत माणसाचं लग्न ठरावं, मोडावं आणि दुसरीकडे जमावं. मी खोटं सांगत नाही. थोडं वाढवून सांगते, एवढंच. आणि या सवयीनेच मागच्या हिवाळ्यात घोटाळा केला.

त्या कॅबमध्ये माझ्या शेजारी बसायचे ते पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले. ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना 'सर जी' म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा आणि त्यातली खोट काढायची, यात त्यांची उभी हयात गेलेली. अचानक कंपनीने फर्मान काढलं: नुसतं तपासणं पुरे, आता प्रोग्राम लिहायलाही शिका. दर आठवड्याला गृहपाठ, शेवटी परीक्षा. नापास होणारा प्रोजेक्टमधून बाहेर. पन्नाशीतल्या माणसाला प्रोजेक्टमधून काढलं की पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं. सरांची मुलगी बारावीला होती.

मीही त्याच वर्गात होते. मला सगळं येतं अशी माझी ख्याती होती आणि ती मीच पसरवली होती. त्यामुळे सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, तुमचं उत्तर जरा पाठवता का?"

पाठवलं असतं. पण शुक्रवारी ट्रेनर कोणालाही उभं करून विचारायचा, "ही ओळ इथे का लिहिली?" एकजण मशीनकडून लिहून घेतलेलं उत्तर घेऊन आला होता. त्याला एसीखाली असा घाम फुटला की गालिचा बदलावा लागला. म्हणून मी सरांना म्हटलं, "उत्तर नाही देणार. खुणा देईन."

खुणांनी काही होईना. एकच काम पुन्हा पुन्हा करणारा 'लूप' समजावायला मी माझ्या मावशीला कामाला लावलं. चार हजार पाहुण्यांना ती एकेक लाडू वाढत जाते, असं सांगितलं. सर मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "मावशी थांबते कधी?" प्रश्न अगदी बरोबर. पण लिहायला बसले की बोटं गारठायची.

एकदा माझाच अर्धवट गृहपाठ त्यांना दाखवला. ऑफिसला उशिरा आलेल्यांची यादी काढायची होती. सरांनी चष्मा वर केला.

"नऊच्या आधी आलेला वेळेवर, नऊनंतरचा उशिरा. आणि बरोब्बर नऊला आला तो?"

"तो..."

"तो हवेत लटकलाय बिचारा. त्याला खाली उतरवा."

मला किल्ली सापडली. या माणसाला कोरा कागद द्यायचाच नाही, चुकलेला द्यायचा. दर आठवड्याला मी मुद्दाम चुका घालून प्रोग्राम लिहू लागले. अडचण एवढीच की माझ्या चुकांवर ते पुणेरी सौजन्य दाखवत, "चालायचंच हो." मग मी बेंगळुरूच्या ऑफिसात एक शहाणा जन्माला घातला.

"हे त्याने पाठवलंय," मी म्हणायचे. "म्हणतो, यात चूक काढणारा अजून पैदा व्हायचाय."

"असं म्हणतो? बघू तरी."

सर धुरक्यासाठी लावलेला मास्क खाली ओढून लॅपटॉपवर तुटून पडायचे आणि बासष्टचं गोलचक्कर येईस्तोवर शहाण्याचं पानिपत झालेलं असायचं. घरी जाऊन ते त्या चुका टाळून आपला गृहपाठ करायचे आणि शुक्रवारी प्रत्येक ओळीचा हिशेब द्यायचे. इकडे मी शहाण्याला मिशा दिल्या, दोन परदेशवाऱ्या दिल्या, मग एक घोडाही घेऊन दिला. ड्रायव्हरलाही चटक लागली. "सर जी, आज बेंगलुरु वाले का क्या हुआ?"

"आउट."

मी भलतीच फुगले होते. मग सरावाचा पेपर आला. त्यात नुसता प्रश्न आणि खाली कोरी जागा. सरांनी कॅबमध्ये लॅपटॉप उघडला. इंदिरापुरम गेलं, फ्लायओव्हर गेला, पडद्यावर एक अक्षर नाही.

"मला आधी कोणीतरी लिहिलेलं लागतं," ते म्हणाले. "त्या शहाण्याचा नंबर द्या. पहिली ओळ कशी सुचते, विचारतो. चुकतो, पण लिहितो तर खरा."

"तो रजेवर आहे."

"फोन तर घेईल."

"जपानला गेलाय."

"मॅडम, परवा परीक्षा आहे. खरंच द्या हो."

एरवी मी त्याला घोड्यावरून पाडून मारला असता, तेराव्याचं जेवणही घातलं असतं. पण सरांच्या हातात फोन तयार होता, नंबर टिपून घ्यायला. मी सांगून टाकलं.

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुरक्याखेरीज काही नव्हतं.

"म्हणजे चुका तुम्ही पेरलेल्या."

"हो."

"मला सापडतील अशा."

"सगळ्या सोप्या नव्हत्या, सर."

"मला वाटलं, एवढ्या हुशार माणसाच्या चुका दिसतात, म्हणजे आपण अगदीच गेलेलो नाही."

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. परीक्षेच्या दिवशी सर त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसले. हॉलमध्ये माझ्या पुढच्याच रांगेत होते. भोवती कीबोर्ड गारांसारखे वाजत होते आणि त्यांच्या टेबलावर चिडीचूप. मी पास झाले. त्यांना मेल आला: आणखी एक संधी, त्यानंतर प्रोजेक्टचा निर्णय.

मग ते कॅबमध्ये दिसेनासे झाले. मेट्रो बदलत, भलामोठा वळसा घालून येतात, असं ड्रायव्हरने सांगितलं. मी शेजारी नसावी म्हणून माणूस अर्धी दिल्ली पालथी घालत होता. ही अतिशयोक्ती माझी असती तर बरं झालं असतं.

एका सकाळी अचानक आले आणि शेजारी बसले. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर पहिल्या ओळीपासून त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम होता, वेडावाकडा, ठिगळं लावलेला.

"कुठेतरी बंद पडतोय. मुद्दाम केलेलं नाही. बघा."

मला दिसलं. यादीत एकही नाव नसेल तर तो तोंडघशी पडत होता.

"सापडलं?"

"सापडलं."

"सांगू नका."

"एक विचारू का?"

"विचारा. पण मावशी नको."

"एखाद्या दिवशी ऑफिसला कोणी आलंच नाही तर?"

त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि वरपासून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. चुकीच्या ओळीवरून बोट पुढे गेलं. सोमवारी दुसऱ्या संधीची परीक्षा होती. मी जीभ दातांखाली धरली. शेवटापर्यंत जाऊन त्यांनी मान हलवली आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं.