बायमावशीचा मांगर

बायमावशीला तात्पुरतं काही चालत नसे. कोरगावच्या तिच्या घरात कपड्यांच्या दोरीचा खिळासुद्धा सिमेंटात बसवलेला. मातीची चूल सारखी सारवावी लागते म्हणून तिनं ती चिऱ्यांत बांधून घेतली होती. "केलां तर नातवांक पुरूक व्हया," असं ती म्हणायची. काका गेले, एकुलता मुलगा उमेश पुण्यात नोकरीला लागला, तिथंच संसार थाटला, तरी मावशीचं वाक्य बदललं नाही.

गेल्या वर्षी परसातला जुना मांगर फणसाची फांदी पडून मोडला. लाकडं, नारळ, काजूच्या बिया ठेवायला नवा हवा होता. मावशीनं बोलावलं म्हणून मी कारापूरहून गेलो. बांधकाम करणारा शाणू मेस्त आधीच येऊन बसला होता. त्याचं मत, खोल खणून चिऱ्यांचा पाया घ्यावा, परसातून पाणी वाहतं. मी म्हटलं, सगळीकडे काँक्रीटच घालू, वाळवीची कटकट नको. आमचा वाद चांगलाच रंगला. मावशी चहा ठेवून ऐकत उभी होती.

"खणू नको," ती म्हणाली. "चार कोनांक चार चिरे ठेव आणि तेच्यावर लोखंडी नळे उभे कर. नट-बोल्ट लाव. काढूक सोपा व्हया."

मेस्त हसला. "बाय, वाऱ्यान उडान जायत."

"उडांदेत."

मावशीच्या तोंडी हे ऐकून मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"उमेश घर विकता रे," ती पाठमोरीच म्हणाली. "गिऱ्हाईक बघून गेला. तेचा काय चुकता? हय माका काय झाला तर कोण बघतला? पण पाया घातलंय तर माका हयच रवाचासा वाटात."

मी बाहेर येऊन उमेशला फोन लावला, तावातावानं. तो भांडला नाही. "दादा, गेल्या महिन्यात ती रात्री न्हाणीत पडली. सकाळी दूधवाली येईपर्यंत तशीच होती. तुला सांगितलं तिनं?" मग म्हणाला, "मला इथून येता येत नाही. तू सांग, मी काय करू?"

मी फोन ठेवला आणि परसात जाऊन मेस्ताला म्हटलं, ती म्हणते तसंच कर. मेस्तानं मावशी म्हणाली तसाच मांगर उभा केला.

यंदा काजूचा हंगाम संपला आणि घराचा व्यवहार झाला. मावशी पुण्याला निघायच्या सकाळी मेस्तानं नट सोडवले, पत्रे उतरवले. जेवणवेळेआधी सगळं आवरलं. चिरे उचलले तर खाली गवत पिवळं पडलेलं. मावशीनं चप्पल काढली आणि त्यावर उघडं पाऊल टेकवलं.

"गवत येतला परत," ती म्हणाली.

अंगणात उमेश गाडीचं दार उघडून उभा होता. आईला हाक मारायचा त्याला धीर होत नव्हता. मी मावशीची पिशवी उचलली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.